घोळाची भाजी, दोघांपुरती

दत्ताजीरावांच्या घरात भाजी यायची ती बडोद्याच्या खंडेराव मार्केटातूनच. सुभानपुऱ्यात दारावर लारी ढकलत येणारा भाजीवाला त्यांना चालत नसे. रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते स्कूटरवरून मार्केटात जायचे आणि पापडी, गिलकी, कोवळी वांगी स्वतः निवडून आणायचे. त्यांचे वडील संस्थानच्या खाजगी खात्यात होते, ते स्वतः सरकारी कचेरीतून चांगल्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. संस्थान जाऊन जमाना झाला होता, पण घरातली बोलण्याची रीत तीच होती. घरचे त्यांना आबासाहेब म्हणत, आणि सुनेलाही ते अहो-जाहो करत.

सून म्हणजे नलिनी. खानदेशातल्या अमळनेरजवळच्या गावची, शाळामास्तरांची मुलगी. ती लग्न होऊन आली त्याआधीच सासूबाई वारल्या होत्या. घरात बाईमाणूस नाही म्हणून लग्न घाईने उरकलं होतं, हे तिला मागाहून कळलं. नवरा रमाकांत कोयलीच्या बाजूच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. माणूस वाईट नव्हता, फक्त घरात असूनही नसल्यासारखा. ईशानी बालवाडीत जायला लागली त्या सुमाराला जो तो कुठे ना कुठे निघाला होता, कुणी अमेरिकेला, कुणी दुबईला. रमाकांतला मस्कतची नोकरी आली.

"दोन वर्षं काढतो आणि परत येतो," तो म्हणाला.

दोन वर्षांची चार झाली, पुढे किती झाली ते नलिनीनं मोजायचं सोडून दिलं. वर्षातून एकदा तो यायचा, सोबत साबण, अत्तर, ईशानीला चॉकलेटं. महिनाभर राहायचा आणि पाहुण्यासारखा निघून जायचा. रविवारी फोन यायचा. आधी आबासाहेबांशी, मग ईशानीशी, आणि शेवटी नलिनीशी. "बरं आहे ना सगळं?" एवढंच विचारेपर्यंत त्याला फोन ठेवायची घाई झालेली असे.

घरात आवाज म्हणजे कुकरचा आणि टीव्हीवरच्या बातम्यांचा. आबासाहेब वेळेवर जेवायला बसत, वाढलेलं निमूट खात, "झालं" म्हणून उठत. नलिनी नंतर स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच जेवून घ्यायची. एखाद्या दिवशी संध्याकाळी ईशानीला हाक मारताना तिचा आवाज चिरकायचा, तेव्हा तिच्या लक्षात यायचं की सकाळपासून आपण कुणाशी बोललेलोच नाही.

घराच्या मागे एक रिकामा प्लॉट होता. मालक परदेशात. सोसायटीच्या टाकीचं वाहून जाणारं पाणी तिकडे मुरायचं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे काही ना काही हिरवं असे. एकदा दोरीवरचा टॉवेल उडून तिकडे पडला, तो आणायला नलिनी गेली आणि टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. पायाखाली घोळ पसरली होती. जमिनीला धरून चाललेले लालसर, रसाळ देठ, चमच्यासारखी जाड बारीक पानं, आणि उन्हाला उघडलेली इवलीशी पिवळी फुलं. माहेरी आई शेताच्या बांधावरून ओचाभर आणायची. तिच्या अहिराणीत 'घोयनी भाजी'. मूगडाळ घालून, वर लसणाची चरचरीत फोडणी, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

नलिनीनं तिथेच बसून टॉवेलात घोळ खुडून घेतली. एक देठ मोडून बघितला. नुसतं पाणी आलं, दूध आलं नाही. आईनं शिकवलेली पहिली गोष्ट तीच होती. घोळीच्या शेजारीच तिच्यासारखी दिसणारी, तशीच जमिनीला चिकटलेली दुधी उगवते. देठ मोडला की पांढरा चीक येतो. तो आला की हात धुवायचा आणि पुढे जायचं.

त्या दिवशी तिनं लहानशा पातेलीत स्वतःपुरती भाजी केली. पहिल्या घासाला ती आंबटसर, किंचित खारट चव जिभेवर आली आणि तिला रडू आलं. शेगडीकडे तोंड करून तिनं जेवण संपवलं.

मग ती अधूनमधून जायला लागली. सकाळी, आबासाहेब पेपर वाचत असताना. एकदा शेजारच्या मंजुलाबेननी कंपाउंडवरून पाहिलं.

"शुं वीणो छो, नलिनीबेन?"

"घोळ. आमच्याकडे भाजी करतात."

मंजुलाबेननी वाकून पाहिलं आणि हसल्या. "आ तो लूणी छे. माझी सासू हिची मुठियां वाफवायची. आता कोण करतं?"

वाईट हेतू नव्हता, पण मंजुलाबेननी ती गोष्ट आबासाहेबांच्या कानावर घातली. त्या दुपारी जेवण झाल्यावर ते उठले नाहीत.

"सूनबाई, आपल्या घरात काही कमी आहे का?"

"नाही."

"मग लोकांच्या जागेत वाकून पाला खुडायची वेळ तुमच्यावर का यावी?"

नलिनीनं त्यांचं ताट उचललं. बोलून काय सांगणार? कमी काय आहे ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते, आणि होते ते सासऱ्यापुढे काढायचे नव्हते. पुढे किती तरी दिवस तिनं मागचं दारच उघडलं नाही.

एका मे महिन्यात आबासाहेबांना दाढेला गळू झालं. दाताच्या डॉक्टरनं जड औषधं दिली. गळू बसलं, पण तोंड आतून सगळं सोलून निघालं. जिभेवर, गालात, ओठांच्या कडेला फोड. तिखट तर नाहीच, गरम भातसुद्धा चालेना. ताट समोर आलं की ते हाताने बाजूला सारत. दूध आणि पाणी यांवर माणूस किती दिवस काढणार? सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा दिसायला लागला.

नलिनीनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या सकाळी ती मागच्या दारानं बाहेर पडली. कोवळी कोवळी घोळ आणली, माती जाईपर्यंत पाण्यात खळबळून धुतली, बारीक चिरली. मऊ शिजवून घोटली, गोड्या ताकात चमचाभर बेसन कालवून त्यात सोडली. मिरची नाही, फोडणीला फक्त तूप-जिरं. गार करून वाटीत घातली, मऊ भात कालवला आणि समोर ठेवला.

आबासाहेबांनी घास तोंडात घेतला आणि थांबले. नलिनीला वाटलं, झोंबलं. पण त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. घोळीचा बुळबुळीतपणा, ज्याला लोक नाकं मुरडतात, तोच त्या सोललेल्या तोंडाला सोसला असणार. वाटी संपली.

"कसली भाजी ही?"

"घोळ."

"मागच्या प्लॉटातली?"

"हो."

त्यांनी बोटानं ताटातलं शीत कडेला सारलं. मग म्हणाले, "आमच्या आईसाहेब खायच्या. पंगतीत नाही. मागच्या पडवीत, धुणंवालीच्या भाकरीबरोबर. मी एकदा पाहिलं, तर मला म्हणाल्या, तुमच्या वडिलांना सांगू नका."

नलिनीनं त्यांच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं प्रथमच ऐकली. दुसऱ्या दिवशी ताटावर बसता बसता ते म्हणाले, "कालच्यापैकी आहे का काही?"

तोंड आठवड्याभरात बरं झालं. ते घोळीनं झालं की औषधं थांबली म्हणून झालं, हे नलिनीला सांगता आलं नसतं, आणि तिनं तसा दावाही केला नाही. पण घोळ घरात आली ती राहिली. आबासाहेब सकाळी चालायला म्हणून निघत आणि प्लॉटाच्या कडेला पिशवी धरून उभे राहत. नलिनी खुडायची. मोडलेला देठ ती त्यांना दाखवायची, ते चष्मा वर करून बघायचे. "पाणीच आहे," असं गंभीरपणे सांगायचे. भाजी निवडायला मग ते टेबलाशी बसायला लागले. निवडता निवडता बोलायचे. शाळेत असताना ते हॉकी खेळायचे, सासूबाईंना सिनेमाचं वेड होतं, रमाकांत लहानपणी अंधाराला फार घाबरायचा. नलिनी अमळनेरच्या गोष्टी सांगायची. ईशानी शाळेतून आली की दोघांकडे बघून म्हणायची, "तमे बन्ने पाछा आ घास लईने बेठा?" घरात मराठी बोल, असं आजोबा म्हणाले की ती जीभ चावायची आणि तेच मराठीत म्हणायची, "पुन्हा हे गवत घेऊन बसलात दोघं?"

आजूबाजूच्या बायकांनाही हळूहळू कळलं. मंजुलाबेनच्या नातवाला घामोळ्या झाल्या, तेव्हा नलिनीनं घोळ वाटून तिचा गार लेप दिला. कुणाला उन्हाळी लागली, कुणाला मूळव्याधीचा त्रास, त्या विचारायला यायच्या. नलिनी भाजी कशी करायची ते सांगायची आणि तीन गोष्टी न विसरता बजावायची. चीक आला तर टाकून द्या. मुतखडा असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. आणि आठ दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जा. बायका यायच्या, विचारून जायच्या. बसून बोलायला कुणी थांबत नसे. ज्याला त्याला आपापलं घर होतं.

ईशानी बारावी झाली आणि बंगळूरला गेली. स्टेशनवर गाडी सुटताना तिनं आईला मिठी मारली नाही, आजोबांच्या पाया पडली आणि खिडकीत बसून कानात वायर घातली. घरी परतल्यावर आबासाहेब तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि परत फिरले. त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना नलिनीच्या हातून डाळ तिघांची टाकली गेली.

आबासाहेबांना साखर फार वर्षांपासून होती. ब्लडप्रेशरही. गोळ्या चालू होत्या, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांचे पाय सुजले. चप्पल चढेना. सकाळी तोंडही फुगलेलं दिसायचं. नलिनी त्यांना रिक्षात घालून अलकापुरीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. डॉक्टर गुजराती, पण जन्म बडोद्यातला, मराठी छान बोलायचे. दोन्ही किडन्या कमजोर झाल्यात, असं त्यांनी सरळ सांगितलं. मीठ कमी, पाणी मोजून, फळं नाहीत, नारळपाणी नाही, पालेभाज्या नाहीत.

"घोळ?" नलिनीनं विचारलं. "म्हणजे लूणी?"

डॉक्टरांनी मान वर केली. "लूणी तर अजिबात नाही. पोटॅशियम खूप असतं तिच्यात. तब्येत चांगली असलेल्याला उत्तम. यांची किडनी ते बाहेर टाकू शकणार नाही. रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं."

"उकळून पाणी ओतून दिलं तरी?"

"थोडं कमी होईल. पण मी यांच्यावर तो प्रयोग करणार नाही, तुम्हीही करू नका."

आबासाहेब बाहेर बाकावर बसले होते. नलिनी उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"डॉक्टर, इतकी वर्षं मीच त्यांना खाऊ घातली. माझ्यामुळे तर नाही ना झालं?"

"नाही हो. साखरेनं आणि प्रेशरनं झालंय हे. तुमच्या भाजीनं नाही." त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "पण आता तुम्हीच ती थांबवायची."

त्यांनी सांगितलं ते तिच्या डोक्यानं ऐकलं. मनाला मात्र पटायला खूप दिवस लागले. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती मनातल्या मनात मागची वर्षं उलटी पालटी करून बघत राहिली.

आबासाहेबांनी मीठ सोडलं, चहा अर्धा केला, सगळं मुकाट्यानं ऐकलं. घोळीचं तेवढं त्यांना पटेना.

"औषध म्हणून तुम्हीच दिलीत. आता विष कशी झाली?"

"तुमचं शरीर बदललंय, आबासाहेब. भाजी तीच आहे."

"पंधरा दिवसांतून एकदा. वाटीभर."

"नाही."

"एक घास."

"नाही."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

एकदा नलिनी बँकेतून परत आली तर फाटकापर्यंत लसूण करपल्याचा वास. आबासाहेब गॅसपाशी उभे होते. हातातली काठी ओट्याला टेकवलेली, सदऱ्याच्या बाह्या ओल्या, धोतराला गुडघ्याशी माती. मागच्या प्लॉटात ते एकटे जाऊन आले होते. कढईत घोळ शिजत होती, जाडीभरडी चिरलेली, कुठे मुळंसुद्धा राहिलेली. ओट्याच्या कडेला त्यांनी एक मोडलेला देठ वेगळा ठेवला होता. पाणी येतं की दूध, ते तपासून पाहिलेलं.

नलिनीनं गॅस बंद केला. फडक्यानं कढई उचलली आणि मागच्या दारातून सगळी भाजी बाहेर फेकून दिली. परत आली तर ते तसेच उभे होते.

"या घरात मी काय खावं तेसुद्धा आता तुम्ही ठरवणार."

"हो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मीच ठरवणार. दुसरं आहे कोण?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. वाढलं की खात, गोळ्या दिल्या की घेत, पण शब्द नाही. घरात दोनच माणसं, आणि त्या दोघांतही बोलणं नाही, म्हणजे काय असतं ते नलिनीनं तेव्हा भोगलं. लग्न होऊन आली तेव्हाची शांतता परवडली, तेव्हा तिला हरवायला काही नव्हतं. मस्कतला फोनवर तिनं सांगून पाहिलं. "वय झालंय त्यांचं, तू मनावर घेऊ नकोस," रमाकांत म्हणाला आणि ईशानीच्या फीचं विचारलं. तिनं मागचं दार पुन्हा लावून टाकलं. घोळ तिनं स्वतःही सोडली.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा रिक्षानं जायचं, चार तास बसायचं, परत यायचं. नलिनी बाहेरच्या खुर्चीवर बसून राहायची. असंच एकदा परत येऊन ते पलंगावर टेकले, तिनं पायावर पांघरूण घातलं, तेव्हा ते बोलले.

"तू हल्ली घोळ करत नाहीस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

"नाही करत."

"का? तुझ्या किडन्या तर ठीक आहेत."

"एकटीनं नाही खाववत."

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, "मी चुकलो, नलिनी. तू फेकून दिलीस ते बरोबर केलंस. उद्या कर. टेबलावर माझ्यासमोर बसून खा. मला नुसतं बघू दे."

नलिनीला ते जमेल असं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं केली. मूगडाळ घालून, लसूण तांबूस होईपर्यंत तळून, आई करायची तशी. आबासाहेबांच्या ताटात उकडून पाणी काढलेला दुधी भोपळा आणि भात. दोघं समोरासमोर बसली. या घरात आल्यापासून ती त्यांच्यासमोर कधी जेवली नव्हती.

"आंबट आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडी."

"पानं जून नाहीत ना?"

"कोवळीच आहेत."

"भाकरी बरोबर हवी होती."

"उद्या करते."

ते मान हलवून दुधीभात खाऊ लागले. तिनं घास सावकाश घेतले, एकेक चव सांगत. लसूण आता दाताखाली आला. डाळ अंमळ जास्त शिजलीये. देठ करकरीत राहिलाय. ते ऐकत होते आणि मध्येच डोळे मिटून घेत होते. तो हिवाळा असाच गेला. आठवड्यातून एक-दोनदा ती घोळ करायची आणि ते तिला जेवताना बघायचे.

होळीच्या आधी आबासाहेब दवाखान्यातच गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं नर्स म्हणाली. रमाकांत आला, ईशानी आली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. आलेले लोक रमाकांतला भेटत, त्याच्या खांद्यावर हात ठेवत, ईशानीला जवळ घेत. नलिनी चहाचा ट्रे घेऊन आतबाहेर करत होती. एक लांबची नणंद म्हणाली, "तुझं बरं झालं गं, सुटलीस एवढ्या सेवेतून." नलिनीनं ट्रे खाली ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. आतलं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.

मग सगळे गेले. रमाकांतनं तिला मस्कतला चल म्हटलं, पण कंपनीची खोली दोघांना पुरेशी नव्हती, आणि पुढे तो विषय निघाला नाही. मागच्या प्लॉटावर फ्लॅटचं काम सुरू झालं. टाकीचं वाहतं पाणी पाइपात गेलं. नलिनी सकाळी चालत चालत रेल्वेलाइनच्या बाजूला जायची. तिथे, पडीक जागेत, मिळेल तेवढी खुडून आणायची.

अमेरिकेत बँका बुडाल्या त्या वर्षी मस्कतच्या कंपनीनं माणसं कमी केली. रमाकांत दोन मोठ्या बॅगा घेऊन कायमचा परत आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, सकाळी उठून काय करायचं हे न कळणारा. नलिनीनं पहिल्याच आठवड्यात घोळ केली. त्यानं एक घास घेतला, चावला, पाण्याबरोबर गिळला.

"बुळबुळीत आहे. आबासाहेब हे खायचे?"

"हो. फार आवडायची त्यांना."

"विचित्रच," तो म्हणाला आणि लोणच्याकडे हात नेला.

आबासाहेबांबद्दल पुष्कळ सांगता आलं असतं. त्यांना ती कशी आवडायला लागली, त्यांनी ती कशी चोरून केली, आणि शेवटी समोर बसून कशी नुसती बघितली. पण रमाकांतचे डोळे टीव्हीवर होते, खाली शेअरबाजाराची पट्टी पळत होती. तिनं उठून त्याला बटाट्याची भाजी वाढली.

आता ती रोज दोन भाज्या करते. त्याची मोठ्या कढईत, तिची लहान पातेलीत. तो जेवताना ती समोर बसते. घोळीबरोबर भाकरी मोडते आणि घास तोंडात गेला की क्षणभर थांबते, कुणीतरी चव विचारेल म्हणून.